पेनाइनच्या चढावर पोपट: बाहेरच्या पक्षीघराच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

हिवाळ्यातही बाहेर राहू शकतील असे पोपट पाळायचे, त्यांच्या पक्षीघराची जागा ठरली. मागच्या अंगणात विटांची जुनी कोळशाची खोली आहे: आतून दोन मीटर बाय अडीच, भिंती जाड, वर स्लेटचं छप्पर, दार आग्नेयेला. तिच्या पुढच्या फरशीवर चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जाळीचा भाग उभा करायचा आणि मधोमध पार्टिशन घालून दोन कप्पे करायचे. पक्षी रात्री विटांच्या खोलीत, दिवसा बाहेर.

आमचं घर उत्तर इंग्लंडात, हडर्सफील्डच्या पश्चिमेला, पेनाइन डोंगराच्या चढावर. महिन्याच्या सुरुवातीला बर्फ पडलं, मग काही दिवस स्वच्छ ऊन आणि रात्री कडाका. पण असे कोरडे दिवस इथे मोजके. एरवीचा हिवाळा म्हणजे तीन-चार अंश, भुरभुर पाऊस, आडवा वारा आणि कधीच न वाळणारी फरशी. म्हणून ‘उणे इतक्या अंशांपर्यंत चालतो’ हा आकडा मी वहीत उतरवून घेणार नाही. थंडीत टिकणाऱ्या पोपटांच्या बहुतेक याद्या त्या आकड्यावरच थांबतात. माझ्या वहीतले रकाने वेगळे: पक्षी रात्र कशी काढतो, ओल किती सोसतो, पाय किती जपतो, आवाज किती करतो, चोच काय काय फोडते.

रात्रीचा रकाना पहिला, त्याला कारण आहे. पक्ष्याच्या अंगात चाळीस-एक अंशांची भट्टी पेटलेली असते आणि तिला सरपण लागतं. अंधारात पोपट खात नाही. आमच्या साताऱ्यात सगळ्यांत छोटा दिवससुद्धा अकरा तासांचा असतो. इथे डिसेंबरात तो साडेसात तासांच्या आतच संपतो. म्हणजे सोळा तासांहून मोठी रात्र, पोटात गेलं असेल तेवढ्यावर.

२५ जानेवारी

काल एओविन वादळ येऊन गेलं. मुख्य तडाखा आयर्लंड-स्कॉटलंडला, पण आमच्याकडेही कुंपणाच्या दोन फळ्या गेल्या. दुपारी खिडकीतून पाहत होते: पाऊस नैऋत्येकडून येतो आणि जवळजवळ जमिनीला समांतर जातो. नुसतं छप्पर पुरणार नाही. नैऋत्येची अख्खी बाजू आणि वायव्येची अर्धी दुहेरी भिंतीच्या पॉलिकार्बोनेट (पारदर्शक प्लास्टिक) पत्र्याने बंद करायची. आग्नेय बाजू उघडी, हिवाळ्यातलं सकाळचं ऊन तिकडूनच येतं.

नवऱ्याचं म्हणणं, सगळंच बंद करून हीटर लावू. त्याला पक्षीघर म्हणत नाहीत, गरम केलेली शेड म्हणतात. हीटर लागेल, पण पाणी गोठू नये आणि खोली कोरडी राहावी एवढ्यापुरताच.

९ फेब्रुवारी

पहिली चाळणी. आफ्रिकन ग्रे, एक्लेक्टस, मकाव: आवाज, किंमत, चोच आणि जागा, सगळ्याच बाजूंनी बाद. लोरी-लोरिकीट फळं आणि मधाच्या पातळ खाद्यावर जगतात. ते हिवाळ्यात गोठतं, उन्हाळ्यात आंबतं आणि त्यांची पिचकारीसारखी विष्ठा भिंतभर. बाद. न्यूझीलंडच्या डोंगरातला किआ बर्फात खेळतो हे खरं, पण तो संकटग्रस्त आणि उपद्व्यापी पक्षी, घरच्या अंगणाचा विषयच नाही.

मंक पॅराकीटवर (पॅराकीट म्हणजे लांब शेपटीचा लहानसर पोपट) थोडी थांबले. हा मूळचा अर्जेंटिना, उरुग्वे भागातला. शिकागोच्या हाइड पार्क भागात १९७० च्या दशकापासून त्याची मोकळी वस्ती आहे आणि शिकागोचा हिवाळा उणे वीसपर्यंत जातो. तो तिथे टिकला तो दोन गोष्टींवर. एक, काटक्यांचं भलंमोठं सामायिक घरटं, आणि त्यात तो फक्त पिल्लांच्या दिवसांत राहत नाही, वर्षभर रोज रात्री झोपतो. पोपटांत ही सवय दुर्मीळ. दुसरी, लोकांनी मागच्या अंगणात टांगलेलं दाणापाणी. म्हणजे तिथेही पिसांइतकाच निवारा आणि भरलेलं पोट कामाला आलं. माझ्या पहिल्या दोन रकान्यांना याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही. तरी घेणार नाही. एक म्हणजे त्याचा कलकलाट. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणात एका कुंपणाचं अंतर. दुसरं, इंग्लंडमध्ये तो १९८१ च्या वन्यजीव कायद्याच्या नवव्या परिशिष्टात आहे. पाळायला हरकत नाही, पण निसटला किंवा सोडला तर गुन्हा.

रात्री आईला फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, “अगं, एवढं शोधतेस कशाला? आपला मिठूच ठेव की.”

प्रश्न रास्त आहे. आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट लंडनमध्ये १९७० च्या आसपासपासून मोकळा राहतो. आता रिचमंड, किंग्स्टनच्या बागांमध्ये संध्याकाळी त्यांचे थवेच्या थवे उतरतात. ग्लासगोच्या व्हिक्टोरिया पार्कातही आहेत, म्हणजे आमच्याही बऱ्याच उत्तरेला. युरोपातल्या या मोकळ्या पोपटांची वंशावळ जनुकांवरून तपासली गेली आहे. बहुतेकांचं मूळ पाकिस्तान आणि उत्तर भारतात निघतं. आफ्रिकेत राहणारा याच जातीचा उपप्रकार मात्र फारसा सापडत नाही. पंजाबातला जानेवारी ज्यांच्या पूर्वजांनी काढला त्यांना इंग्लंडातल्या केंटचा जानेवारी जड गेला नाही, हे पटण्यासारखं आहे.

आणि एक गंमत. साताऱ्यात हा पक्षी पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. आमच्या आळीत तेव्हा तीन घरी तरी मिठू होता, ती गोष्ट निराळी. इथे पिंजऱ्यात जन्मलेला मिठू रीतसर विकत मिळतो, फक्त सोडायचा नाही.

तेव्हा मिठू यादीत राहील. पुढच्या चाळणीला बघू.

२२ फेब्रुवारी

कीथलीजवळच्या एका जुन्या पक्षीपालकांकडे गेलो. ऐंशीच्या घरातले गृहस्थ, जन्मभर ऑस्ट्रेलियन आणि आशियाई पोपट पाळलेले. लेक बरोबर होती. तिला त्यांनी सांगितलं, “आधी चोच बघू नकोस, पाय बघ.” मग एका कप्प्याशी नेलं. हिरव्या पोपटांची जोडी होती. नर ठणठणीत, पण डाव्या पायाची दोन बोटं अर्धी. हिमदंश. पूर्वीच्या मालकाकडे झालेला.

आशियाई पॅराकीटांचं हे दुखणं पक्षीपालकांना जुनं माहीत आहे. शरीर थंडी काढतं, बोटं काढत नाहीत. संध्याकाळी जाळीला लटकून राहायची सवय, धातू गार, वर रात्री खोलीत जायचा कंटाळा, बाहेरच्याच उंच दांडीवर झोप. बोटांतलं रक्त आटतं, टोकं काळी पडतात, काही दिवसांनी गळतात. लंडनच्या मोकळ्या थव्यांतही बोटं तुटलेले पक्षी दिसतात. म्हणजे ‘टिकतो’ आणि ‘सुखात राहतो’ यांत फरक आहे. मोकळ्या थव्यात कितीजण हिवाळ्याला गळाले हे कोणी मोजत नाही, उरलेल्यांचा गलका तेवढा ऐकू येतो.

त्यांच्या झोपायच्या दांड्या गोल नव्हत्या. पाच सेंटिमीटर रुंदीची लाकडी पट्टी, सपाट बाजू वर, कडा घासून गोल केलेल्या. पक्षी त्यावर बसला की बोटं पसरतात आणि पोटाची पिसं त्यांच्यावर रजईसारखी येतात. गोल, बारीक दांडीवर बोटं खालून वळतात आणि उघडी राहतात. दिवसाच्या फांद्या मात्र वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात, नाहीतर तळव्यांना फोड येतात.

खोलीतल्या दांड्या बाहेरच्या दांड्यांपेक्षा उंच लावायच्या हेही त्यांनीच सांगितलं. पोपट झोपायला सगळ्यांत उंच जागा शोधतो. आत उंच मिळाली तर आपणहून आत जातो. शिवाय खोली अंधारी असली तर तो आत पाऊल टाकत नाही. आमची कोळशाची खोली म्हणजे काळोखच. स्लेटच्या चार पाट्या काढून तिथे पारदर्शक पत्रा घालावा लागेल.

निघताना मी मिठूबद्दल विचारलं. त्यांनी उलट प्रश्न केला, “तुमचे शेजारी सकाळी किती वाजता उठतात?”

२३ फेब्रुवारी

मिठू बाद. बोटांचा इलाज दांडीने होईल, आवाजाचा होणार नाही. चोचही जबर, कप्प्याची लाकडी चौकट वर्षभरात खाईल. शिवाय सव्वा मीटरच्या कप्प्यात एवढ्या लांब शेपटीचा पक्षी वळणार कसा? त्याच घराण्यातला तुईया लहान आणि गोड आवाजाचा, पण आमच्या ओलीत नाजूकच. करण पोपट तर मिठूचा थोरला भाऊ, चोच त्याहून मोठी. आईला कळवलं. तिने विषय बदलला.

९ मार्च

या आठवड्यात काकारिकी. न्यूझीलंडचा लाल कपाळाचा पोपट, आकाराने मैनेहून थोडा मोठा वाटणारा, त्यात शेपूटच बरीच.

थंडी आणि ओल यांच्या बाबतीत याच्या घराण्याचा इतिहास विलक्षण आहे. हे घराणं न्यूझीलंडच्या दमट जंगलांतून दक्षिणेकडच्या बेटांवर पसरलं. ऑकलंड बेटांवर, साधारण पन्नास-एक्कावन्न अंश दक्षिणेला, लाल कपाळाचे काकारिकी आजही आहेत. अँटिपोडीज बेटावरची याची जवळची जात झाडं नसलेल्या गवताळ जमिनीवर राहते. ती गवत खातेच, शिवाय बिळात अंड्यांवर बसलेल्या छोट्या वादळी पाखरांना मारून त्यांचं मांसही खाते. पोपट! लेकीला हे सांगितलं तर तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं.

आणि मॅक्वारी बेट. ते साडेचोपन्न अंश दक्षिणेला, आम्ही साडेत्रेपन्न अंश उत्तरेला. म्हणजे विषुववृत्ताच्या पलीकडे जवळजवळ आमच्याच ओळीत. तिथे वर्षातले बहुतेक दिवस पाऊस किंवा बर्फाची भुरभुर, वारा अखंड, उन्हाळासुद्धा आमच्या मार्चसारखा. अशा बेटावर काकारिकीचा एक प्रकार गवताच्या झुबक्यांखाली घरटी करून राहत होता. तो संपला तो थंडीने नव्हे. सील मारणाऱ्यांच्या मांजरी बेटावर आधीपासून होत्या आणि तरी पोपट टिकून होते. १८७८-७९ च्या सुमाराला ससे सोडले गेले. सशांमुळे मांजरी आणि वेका नावाच्या आणलेल्या पाणकोंबड्यांना हिवाळाभर खायला मिळू लागलं, त्यांची संख्या वाढली आणि १८९० च्या आसपास पोपट नाहीसे झाले. म्हणजे हवेने नाही, मांजरीच्या भरल्या पोटाने मारलं. आमच्या गल्लीतल्या मांजरी आठवल्या. जाळी दुहेरी.

आता दुसरी बाजू. काकारिकी कोंबडीसारखा जमीन उकरतो. एका पायाने पाला बाजूला, चोचीने टिपणं, पुन्हा पाय. मातीची जमीन असेल तर जंतांची अंडी त्यात वर्षानुवर्षं राहतात आणि हा पक्षी ती रोज गिळतो. शिवाय ओल्या, कुजट पाल्यावरची बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते. तेव्हा जमीन फरशीचीच, उतार देऊन, आठवड्याला धुता येईल अशी. उकरायला एका उथळ ट्रेमध्ये कोरडा पाला आणि वाळू. ती बदलत राहायची.

आयुष्य मोठ्या पोपटांच्या मानाने थोडं. अंडी खूप, पाच ते नऊसुद्धा. आवाज शेळीच्या करडासारखा बारीक, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही. उन्हाळा मात्र याला सोसत नाही. कडक उन्हात सावली आणि पाणी नसेल तर मरतो. गंमत म्हणजे आमच्याकडे त्याला जपायचं ते जुलैत.

पहिला कप्पा काकारिकीचा. जवळपास नक्की.

२३ मार्च

दुसऱ्या कप्प्यासाठी तीन नावं, तिन्ही ऑस्ट्रेलियातले पोपट: बोर्क, स्प्लेंडिड, स्टॅन्ली रोझेला.

ईस्टर्न रोझेला सगळ्यांत सहज मिळतो. टास्मानियापर्यंतचा पक्षी, न्यूझीलंडात पळून जाऊन वसलेला, थंडीची त्याला फिकीर नाही. पण भांडखोर. शेजारच्या कप्प्यातल्या पक्ष्याचं बोट जाळीतून चावून तोडतो. स्टॅन्ली म्हणजे नैऋत्य ऑस्ट्रेलियातला सगळ्यांत लहान रोझेला. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे थंड-ओल्या मोसमाची त्याला ओळख आहे, आणि स्वभाव घराण्याच्या मानाने सौम्य.

बोर्क याच्या अगदी उलट. मध्य ऑस्ट्रेलियाच्या मुल्गा झुडपांतला, वाळवंटाच्या कडेचा. गुलाबी पोट, तपकिरी पाठ, वजन चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. वाळवंटाचं नाव ऐकून वाटतं, हा इथे कसा टिकेल? पण वाळवंटाची रात्र गोठणारी असते आणि बोर्क ती काढत आला आहे. त्याला मारते ती ओल. पिसं भिजली की त्यांच्यात कोंडलेली हवा जाते आणि एवढ्याशा अंगाची ऊब लवकर संपते. म्हणजे कोरडं छप्पर आणि बंद नैऋत्य बाजू दिली तर हा इथे राहील. उघड्या जाळीत एक हिवाळाही काढणार नाही. एकाच अंगणात काकारिकी आणि बोर्क यांना दोन वेगळ्या गोष्टी हव्यात, आणि थर्मामीटर दोघांनाही एकच आकडा दाखवणार.

बोर्कची आणखी एक सवय आमच्या कामाची. तो पहाटे आणि संधिप्रकाशात हिंडतो, दिवे लागायच्या वेळी सगळ्यांत जागा. डिसेंबरातल्या चार वाजताच्या संध्याकाळी घरी कोणी बघायला असेल तर हाच दिसणार.

स्प्लेंडिड सुंदर, पण डोळ्यांची दुखणी आणि ओलीचा तोच प्रश्न. नको. बजरिगार आणि कॉकाटील इकडे वर्षभर बाहेर राहतात, कोरडी खोली दिली की झालं. कोणी पहिल्यांदा पक्षीघर बांधत असेल तर मी त्याला तेच सुचवीन. आम्हाला वेगळं काहीतरी हवं होतं, एवढंच.

५ एप्रिल

कागदपत्रं. इंग्लंड-वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून एकही पक्षी बाहेर पाळायचा तरी सरकारी नोंदणी लागते. फक्त घरातच राहणाऱ्या पोपटांना सूट आहे. नोंदणी फुकट. कुंपणापासून दोन मीटरच्या आत बांधकाम, तेव्हा उंची अडीच मीटरच्या आत. मग बांधकाम परवानगीची गरज नाही. शेजाऱ्यांना बोलावून चहा दिला आणि काकारिकीच्या आवाजाची ध्वनिफीत ऐकवली. काकू म्हणाल्या, “एवढंच?”

११ मे

चौकट उभी. टिपून ठेवते, पुढे कोणाला उपयोग होईल.

जाळी वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली), भोकं २५ बाय १३ मिलिमीटर. त्यातून मोठा उंदीर येत नाही, चिमणी येत नाही. काकारिकी-बोर्कला एक मिलिमीटर जाडीची तार पुरते. मोठ्या चोचीला १.६ लागली असती, पैसे जवळजवळ दुप्पट. नवीन जाळीवर जस्ताचे गोळे आणि पापुद्रे असतात. पोपट जाळीवर चोचीनेच चढतो, ते खातो आणि जस्ताची विषबाधा होते. म्हणून सगळी जाळी व्हिनेगरने ब्रश मारून धुतली आणि पावसात ठेवली. पाऊस मागवावा लागला नाही.

पार्टिशनला दोन्ही बाजूंनी जाळी, मध्ये पाच सेंटिमीटरची फट. बाहेरच्या बाजूलाही तसंच. एक मांजरींसाठी, आणि दुसरं शिक्र्याच्या इकडच्या भाऊबंदासाठी, स्पॅरोहॉकसाठी. तो जाळीवर झडप घालतो आणि घाबरून चिकटलेल्या पक्ष्याचा पाय ओढतो.

छप्पर सगळं पॉलिकार्बोनेटचं, वर जाळी नाही. पावसासाठी तर आहेच, पण बाहेरच्या पाखरांची विष्ठा आत पडू नये म्हणूनही. गेल्या काही वर्षांत बर्ड फ्लू दर हिवाळ्यात डोकं काढतो. दार दुहेरी: पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. लेकीने दोन्हींवर पाट्या रंगवल्या.

फांद्या: सफरचंद, विलो, हेझल. कोपऱ्यावरच्या यूच्या झाडाची एकही काडी आत यायची नाही, ते विषारी. लॅबर्नमही तसंच.

१४ जून

पक्षी आले. काकारिकीची जोडी आणि बोर्कची जोडी, दोन वेगवेगळ्या पालकांकडून, दोन्ही गेल्या वर्षीची पिल्लं, दोन्ही बाहेरच्या कप्प्यात वाढलेली. ही शेवटची अट मी सोडली नाही. गरम खोलीत वाढलेला पक्षी कितीही काटक जातीचा असला तरी पहिल्या हिवाळ्यात त्याची पिसं पातळ असतात. मे ते जुलैमध्ये बाहेर आणला की रात्री हळूहळू गार होत जातात, तो पिसं गाळतो आणि नवी येतात ती दाट, आत लवेचा थर असलेली. नोव्हेंबरात दुकानातून आणून थेट बाहेर सोडणं म्हणजे पक्ष्याला शिक्षा.

विष्ठेचा नमुना पशुवैद्याकडे दिला. काकारिकीत जंतांची अंडी निघाली, औषध सुरू. तोवर ट्रेमधला पाला रोज फेकायचा.

१२ जुलै

तीस अंशांवर. कालपासून यॉर्कशरमध्ये पाइपने पाणी वापरायला बंदी. धरणं खाली गेली आहेत. काकारिकी चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून बसले होते. पॉलिकार्बोनेटखाली ऊब कोंडते. छपरावर सावलीची जाळी टाकली, वायव्येचे पत्रे स्क्रू काढून उतरवले. बादलीने उथळ ताटं भरली. दोघं दिवसातून चार-पाचदा आंघोळ करतात आणि ताट गढूळ करून ठेवतात. बोर्क मात्र मजेत, सावलीत अर्धे डोळे मिटून. आपापल्या पूर्वजांचं हवामान दोघांनी बरोबर आणलं आहे.

थंड प्रदेशासाठी पक्षी निवडायचे म्हणून सहा महिने हिवाळ्याचाच विचार केला. पण छप्पर बंद केलं की उन्हाळाही मोजावा लागतो. पुढच्या वर्षी ते पत्रे बिजागरीवर लावायचे.

५ ऑक्टोबर

एमी वादळ दोन दिवस. नैऋत्येचा पत्रा टिकला, फरशी कोरडी, फक्त आग्नेय कोपऱ्यात एक पट्टा ओला. बोर्क वारा सुरू होताच खोलीत. काकारिकी वादळभर बाहेर, पावसाच्या झडीत मुद्दाम जाऊन पंख भिजवून येत होते आणि पुन्हा आत जाऊन झटकत होते. मॅक्वारीची आठवण झाली.

घरटेपेट्या काढून ठेवल्या. त्या राहिल्या तर काकारिकी हिवाळ्यातही अंडी घालायला बसेल, आणि थंडीत मादीचं अंडं आत अडकलं तर काही तासांतही जीव जाऊ शकतो.

९ नोव्हेंबर

बर्ड फ्लूमुळे ६ तारखेपासून संपूर्ण इंग्लंडमध्ये पक्षी आत ठेवायचा हुकूम आहे. पन्नासपेक्षा कमी पक्षी असून त्यांतलं काही विकत किंवा देत नसाल तर त्यातून सूट, पण स्वच्छतेचे नियम सगळ्यांना. आमचं छप्पर बंदच आहे. दाराशी जंतुनाशकाचं ताट आणि वेगळे बूट ठेवले.

दिवा लावला. टायमरवर, सकाळी सात ते संध्याकाळी सात, शेवटच्या अर्ध्या तासात मंद होत जाणारा. एकदम विझला तर पक्षी असेल तिथे अंधारात अडकतो, घाबरून जाळीवर आपटतो. म्हणजे आता खायला बारा तास आणि रात्र बाराची. हीटरपेक्षा या दिव्याचा उपयोग जास्त, असं माझं मत झालं आहे. हीटर ट्यूबचा, भोवती जाळी, पाच अंशांवर ठेवला आहे.

खाणं बदललं: राळा आणि ओट तसेच, सूर्यफूल आणि करडई वाढवली, भांग-बी थोडं. उन्हाळ्यात हेच दिलं तर चरबी चढते. रोज सकाळी मोड आलेले मूग मूठभर. हे माझं साताऱ्याचं योगदान. काकारिकी त्यावर तुटून पडतात.

२१ नोव्हेंबर

चार दिवस कडाका. नॉर्थ यॉर्क मूर्सवर बर्फ बरंच, आमच्याकडे पांढरी धूळ. अंगणातला पारा पहाटे उणे पाच, खोलीत अधिक पाच.

दिवा लागल्यावर काकारिकी लगेच बाहेर, गोठलेल्या पाल्याचे कडक तुकडे पायाने उडवत. बोर्क साडेनऊपर्यंत खोलीतच. दोघंही पक्षी सपाट पट्टीवर, एक पाय पोटात, दुसरा पिसांखाली झाकलेला. कोणी दोन्ही पायांवर पिसं फुलवून दिवसा बसलेलं दिसलं तर ती आजाराची खूण. तसं कोणी नाही. तरी काट्यावर घेतलं: बोर्कची मादी ४४ ग्रॅम, महिन्याच्या सुरुवातीला होती तेवढीच. बोटं एकेक करून पाहिली, सगळी गुलाबी.

बाहेरच्या भांड्यातलं पाणी मात्र दुपारी दोनलाच गोठतं. त्यात काही घालायचं नाही. आतलं भांडं हेच खरं, बाहेरचं रोज दोनदा बदलायचं. रबरी भांडं घेतलं, उलटं करून दाबलं की बर्फाची चकती निघते. लेक त्या चकत्या कुंपणावर ओळीने उभ्या करून ठेवते.

१४ डिसेंबर

कीथलीच्या आजोबांना फोटो पाठवले होते. फोन आला. बोर्कच्या बाजूची खालची दांडी काढा म्हणाले, तिच्यावर वरून शीट पडते. काढली.

आई विचारत होती, बोलतात का काही? नाही बोलत. “मग काय उपयोग,” म्हणाली, आणि मग काकारिकी उकरतानाचा व्हिडिओ दोनदा लावायला लावला.

कोळशाच्या खोलीच्या उत्तरेला अजून दीड मीटर पट्टी मोकळी आहे. तिथे तिसरा कप्पा काढता येईल. स्टॅन्ली रोझेलाची जोडी मे महिन्यासाठी बोलून ठेवली. मध्ये पुन्हा दुहेरी जाळी, आणि मधली फट यावेळी सात सेंटिमीटर. फेब्रुवारीत स्लेटच्या आणखी दोन पाट्या काढायच्या आहेत. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.